अप्पांच्या खळ्यातले चार फलाट

आमच्या कातळखोल गावात नवऱ्याशी फोनवर भांडायचं असेल तर आधी अप्पांकडे नाव द्यावं लागायचं. गंमत करत नाही, मी स्वतः दिलेलं आहे. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, फलाट क्रमांक दोन, मुंबई भांडुप, विषय घरगुती. विषय सांगायची सक्ती नव्हती, पण अप्पा विचारायचे. "नुसती ख्यालीखुशाली असंल तर पाच मिनटं, भांडण असंल तर पंधरा. आधी सांगा म्हंजे मागच्यांचा खोळंबा नाय व्हायचा."

गावाचं नावच खोल. खेडहून दापोलीकडे जाताना एक फाटा फुटतो, तो उतरत उतरत आमच्या गावात येऊन संपतो. दोन्ही बाजूंना डोंगर. त्यामुळे कुठल्याही कंपनीची रेंज गावावरून निघून जायची, खाली उतरायची नाही. ती उतरायची फक्त अप्पांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. अप्पांचं घर वरच्या अंगाला, पाखाडीच्या ऐंशी दगडी पायऱ्या चढून गेल्यावर. तिथल्या अंगणातून खेडकडचा टॉवरही दिसायचा आणि दापोलीकडचाही. मी गावच्या शाळेत शिक्षिका, आमचे हे मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येणार. त्यामुळे माझा अर्धा संसार अप्पांच्या खळ्यात झाला आहे असं म्हटलं तरी चालेल.

अप्पा खेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. अंगात तोच खाकी शर्ट, त्याला शिंप्याकडून दोन खिसे जास्तीचे लावून घेतलेले, आणि चार खिशांत चार कंपन्यांचे चार फोन. कंपन्यांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. विहिरीच्या काठावर जिची रेंज यायची ती एक नंबर. चिकूच्या झाडाखाली दोन नंबर. गोठ्याच्या दाराशी तीन. आणि चौथीची रेंज न्हाणीघराच्या दगडावर एका पायावर उभं राहिलं तरच यायची, तो फलाट क्रमांक चार. प्रत्येक जागी खांबावर पत्र्याची पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा. भंगारात निघालेला एक लोखंडी बाक कुठूनसा आणून त्यांनी मधोमध ठेवला होता आणि स्वतःच्या खिडकीवर पाटी लावली होती, 'चौकशी'.

खिडकीत बसून ते आवाज द्यायचे. त्या वेळी त्यांची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी व्हायची. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एकवर विरारला बोलणाऱ्या प्रवाशांची वेळ संपत आली आहे. फलाट क्रमांक तीनवर सुरतेला बोलणाऱ्यांनी तयार राहावे." एकदा मी आमच्या ह्यांना तावातावाने सांगत होते की तुमच्या आईने मला विचारल्याशिवाय लोणच्याच्या बरण्या नणंदेला देऊन टाकल्या. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "फलाट क्रमांक दोनवरील प्रवाशांनी बरण्यांचा विषय आवरता घ्यावा." सगळं खळं हसलं. भांडुपला आमचे हेही हसले, आणि माझं भांडण तिथेच बारगळलं. मला तेव्हा घरात रेंज असण्याची फार ओढ होती. नीट, मन लावून, कुणी मधे न बोलता भांडता यावं एवढीच माझी मागणी होती.

अप्पांचा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे स्पर्धा. गावात डास झाले तरी त्यांचं म्हणणं एकच. "स्पर्धा पायजे, बाई, स्पर्धा!" याचं मूळ स्टँडवरचं. ते सांगायचे, "मी कंट्रोलला बसायचो तेव्हा कोणी विचारलंन गाडी कधी लागंल, तर मी वर बघायचो नाय. लागंल तेव्हा दिसंल, म्हणायचो. मग बाहेर वडापच्या जीपा उभ्या रव्हायला लागल्या. ते लोक म्हातारीची पिशवी उचलून घ्यायचे, काकी म्हणायचे. तेव्हा मना अक्कल आली. दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला मावशी म्हणलं, ती घाबरलीच." टेलिफोनच्या धंद्याला त्यांनी हाच न्याय लावला होता. जोवर एकच कंपनी तोवर गिऱ्हाईक फुकट. दुसरी आली की तुम्ही राजे. तिसरी आली की मागच्या दोघींना झोप नाही.

स्वतःचे चार नंबर ते सतत या कंपनीतून त्या कंपनीत हलवत असायचे. एका नंबरचं माहेर कुठलं आणि सासर कुठलं हे खुद्द अप्पांनाही आठवायचं नाही. कंपनी सोडायचा नुसता मेसेज टाकला की पलीकडून मनधरणीचा फोन यायचा, तो त्यांना फार आवडे. खरं म्हणजे त्यांना येणारे फोन सगळे कंपन्यांचेच. बाकी कुणाचा येणार? लग्न केलेलं नाही. का नाही केलं विचारलं तर म्हणायचे, "ज्या दिवशी मुलगी बघायला जायचं त्याच दिवशी ड्यूटीवरनं सोडवायला रिलिव्हर यायचा नाय." भाऊबहीण राहिलेले नाहीत. मग ते ध्वनिमुद्रित बाईशी बोलत. ती म्हणायची, 'प्रिय ग्राहक', की हे म्हणायचे, "बोला." तिचं सगळं संपेपर्यंत ऐकून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, अप्पा, ती खरी बाई नाही, ठेवून द्या. तर म्हणाले, "आपणहून फोन केलान तिनं. मधीच ठेवला तर बरं दिसतं काय?"

एका वर्षी दोन कंपन्यांचे दोन विक्रेते एकाच दिवशी गावात आले. दोघांच्या रंगीत छत्र्या, दोघांकडे फुकट सिम, दोघांचं म्हणणं आमचंच नेटवर्क भारी. अप्पांनी त्यांना खळ्यात बोलावलं, कोकम सरबत दिलं आणि परीक्षा जाहीर केली. "दोघांनी आपापल्या कंपनीच्या फोनवरून आपापल्या आयशीला फोन लावा. तिला तुमचा आवाज नीट ऐकू गेला तर सिम घेतो." एकाचा फोन लागेचना. घामाघूम होऊन तो विहिरीपासून न्हाणीघरापर्यंत फिरला. दुसऱ्याचा लागला. त्याची आई पलीकडून ओरडली, "जेवलास काय रे?" त्या बिचाऱ्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी तो हो म्हणाला. अप्पांनी त्याच्याकडून सिम घेतलं आणि दोघांनाही जेवायला बसवलं. ज्याचा फोन लागला नाही त्याला वाढताना म्हणाले, "तुजी कंपनी नापास. तू नाय." आणि भात जरा जास्तच घातला.

आता टॉवरचा विषय. गावाला टॉवर हवा म्हणून अप्पा दर दोन-तीन महिन्यांनी अर्ज करायचे. म्हणजे मजकूर ते सांगायचे, लिहायचे मी, कारण माझं अक्षर चांगलं. 'आपल्या कंपनीस या गावी विस्ताराची मोठी संधी असून आपण ती दवडत आहात', अशी त्यांची भाषा. मग अख्ख्या गावाच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. अर्ज पिशवीत घालून अप्पा सकाळच्या गाडीने खेडला जायचे आणि संध्याकाळी टोस्ट-बटर घेऊन परत यायचे. उत्तर मात्र कधीच आलं नाही. "स्पर्धा कमी पडतेय," अप्पा म्हणायचे. कुणी जास्त चौकशीही केली नाही. अप्पा बघतायत म्हटल्यावर आणखी कोणी काय बघायचं?

श्रावणात एकदा शेवंताकाकी पडल्या. शेवंताकाकी म्हणजे आमच्या खालच्या वाडीतल्या, सत्तरीच्या, नवरा नाही, एकुलता एक मुलगा मुंबईला. दर शनिवारी पाच वाजता त्याचा फोन, फलाट क्रमांक एक, त्यांची वेळ कधी चुकायची नाही. त्या दिवशी पाखाडीवर शेवाळ धरलेलं. त्या निम्म्या पायऱ्या चढल्या आणि पाय सरकला. मनगट मोडलं. फोन पायरीवर पडला होता. तेवढ्यात काय रेंज आली देव जाणे, मुलाचा फोन लागला आणि आपोआप उचललाही गेला. आम्ही काकींना उचलत होतो आणि पायरीवरून तो सारखा, "आये? आये, बोल की," म्हणत होता. अप्पा वरून धावत आले. त्यांनी फोन उचलला, कानाला लावला आणि त्यांना काही बोलताच येईना. आयुष्यभर लाउडस्पीकरवर बोललेला माणूस. शेवटी मीच फोन घेतला.

दोन दिवस 'चौकशी'ची खिडकी बंद होती. तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला बोलावलं. "बाई, माझ्याबरोबर खेडला चला. कंपन्यांच्या ऑफिसात. ह्या बारीला अर्ज नको, समोर जाऊन सांगू." पुराव्याला वह्या न्यायच्या म्हणून त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. ट्रंकेत वह्या होत्या, कोण कुठल्या फलाटावरून कुठे किती मिनिटं बोललं त्याच्या, रोजच्या रोज लिहिलेल्या. आणि वह्यांवर एक गठ्ठा होता. वरच्या कागदावर माझं अक्षर. मी गठ्ठा उचलला. सगळे अर्ज. मी लिहिलेले, सह्या आणि अंगठ्यांसकट, पाकिटांत नीट घातलेले, तिकिटंसुद्धा चिकटवलेली. एकही टाकलेला नव्हता.

मला असा राग आला म्हणून सांगू! काकींचा हात डोळ्यांसमोर होता. पावसापाण्यात दिवसभराचं काम उरकून पाखाडी चढणाऱ्या सगळ्या बायका डोळ्यांसमोर होत्या. मी म्हटलं, "अप्पा, हे काय? आम्ही काय मूर्ख म्हणून सह्या केल्या?"

अप्पा ट्रंकेशेजारी जमिनीवरच बसले. "प्रत्येक बारीला टाकायलाच जायचो बाई. पेटीपत्तोर जायचो. मग वाटायचं, रेंज घराघरात गेली तर वर कोण येनार? स्टँडवर चाळीस वर्षं माणसांत काढली. घरी आलो तेव्हा पहिले सहा महिने ह्या खळ्यात कोंबडीबिगर कोणी आलं नाय. मग एक दिवस शेवंतावैनी फोन घेऊन आल्या, हितं लागतो म्हणाल्या." त्यांनी ट्रंकेतली एक वही काढून माझ्यापुढे केली. "माझ्यापायी त्यांचा हात मोडला. आता पायजे टॉवर. लवकर पायजे."

मी अर्ज परत ट्रंकेत ठेवले आणि वह्या पिशवीत भरल्या. बाहेर आल्यावर अप्पांनी पाखाडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपाचा कठडा बसवायला माणूस सांगितला, आणि मग आम्ही गाडी पकडली.

खेडला तीन नंबरच्या कंपनीच्या ऑफिसात एक तरतरीत साहेब होता. त्याने संगणकावर गाव शोधलं आणि म्हणाला, "काका, या गावात आमचं गिऱ्हाईकच दिसत नाही. टॉवर कोणासाठी लावायचा?" अप्पांनी वह्यांचा ढीग टेबलावर ठेवला. "रेंज नाय म्हणून गिऱ्हाईक दिसत नाय. माणसं हायत. ही बघा. ही बाई रोज पंधरा मिनटं नुसती भांडते. घरी रेंज दिलीत तर तासभर भांडंल." साहेबाने माझ्याकडे पाहिलं. गावासाठी म्हणून मी मान डोलावली. मग अप्पांनी हळूच शेवटचा बाण काढला. "तुमाला जमत नसंल तर ऱ्हावंदे. एक नंबरवाले जागा बघून गेले काल." एक नंबरच्या ऑफिसात आम्हाला अजून जायचं होतं. तिथे गेल्यावर अप्पांनी सांगितलं की तीन नंबरवाले जागा बघून गेले आज सकाळी.

पंधरा दिवसांत दोन्हीकडची माणसं मोजमाप घ्यायला आली आणि एकमेकांना आमच्या पाखाडीवर भेटली. स्पर्धा म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. दोघांनाही आधी यायचं होतं. शेवटी एकच टॉवर झाला, शेवंताकाकींच्या परसामागच्या टेकाडावर, आणि त्याच्यावर आधी दोन, मग पाठोपाठ उरलेल्या दोन, अशा चारही कंपन्या चढल्या. दिवाळीपूर्वी गावात रेंज आली.

अप्पा चार फोन घेऊन घरोघर फिरले. माजघर, स्वयंपाकघर, पडवी, देवघर, कुठे कुठे म्हणून उभे राहिले. आमच्या घरात तर मोरीतसुद्धा उभे राहून त्यांनी "हॅलो हॅलो" केलं. वहीत प्रत्येक घरापुढे लिहिलं, 'उत्तम'. त्यांचा चेहरा अगदी आनंदी होता, आणि तो आनंद खोटा नव्हता हे मी शपथेवर सांगेन.

मग खळं ओस पडलं. कुणाचा दोष नव्हता. ज्याच्या त्याच्या घरात फोन वाजत होते, मुलांचे चेहरे दिसत होते. शेवंताकाकी चुलीसमोर बसून मुलाला आमटी दाखवत होत्या. मीही घरात बसून मनसोक्त भांडत होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा सहाच्या सुमारास भांडण ऐन रंगात आलं होतं आणि वरून, पाखाडीवरून, आवाज आला. "फलाट क्रमांक दोन मोकळा आहे." एकदाच. पलीकडून आमचे हे म्हणाले, "अप्पा ओरडले काय ग?" मग म्हणाले, "खरं सांगू? हल्ली आपली भांडणं संपतच नाहीत. मधे अप्पा नाहीत ना."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर गेले. घरात रेंज नाही असं सांगायचं, हे मी पायऱ्या चढताना ठरवलं होतं. पण माझ्याआधीच कोणीतरी पोचलं होतं. बाकावर शेवंताकाकी बसल्या होत्या. उजवं मनगट अजून जरा आखडलेलं, डाव्या हातात फोन. समोर अप्पा, खाकी शर्टात.

"घरात रेंज नाय वो अप्पा," काकी सांगत होत्या.

"वैनी, टॉवर तुमच्या परसात हाय. त्याचा लाल दिवा तुमच्या माजघरात दिसतो."

"दिवा दिसतो. रेंज नाय दिसत."

"मी स्वतः तपासलीय. उत्तम लिवलंय."

"तवा होती. आता गेली," काकी ठामपणे म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांच्या हातातला फोन वाजला. मुलाचा. काकींनी तो घाईघाईने बंद केला आणि पदराखाली घातला. "ही रेंज हितली," त्या म्हणाल्या.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय, बाई?"

"आमच्याकडेही नाही, अप्पा," मी म्हटलं. "मोरीत तर अजिबात नाही."

तेवढ्यात खालून पाखाडीवर आणखी दोघीतिघींचं बोलणं ऐकू आलं. त्या कठडा धरून सावकाश येत होत्या. आता यायलाच हवं असं काही नव्हतं, म्हणून की काय, यायला सगळ्यांनाच बरं वाटत होतं. अप्पांनी पाठ फिरवून चिकूखालच्या खांबावरची पाटी सरळ केली. मग आत गेले, चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला आणि खिडकी उघडली.

"प्रवाशांनी बसून घ्यावे," आतून आवाज आला. "सर्वांच्या तक्रारी लिहून घेण्यात येतील."

आणि त्यांनी खरोखर लिहून घेतल्या. घरनिहाय, नावनिहाय, फलाटनिहाय. मी सुवाच्य अक्षरात अर्ज केला, आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या, काकींनी डाव्या हाताने केली. अप्पांनी तो पाकिटात घातला, तिकीट चिकटवलं, ट्रंक उघडली आणि जुन्या अर्जांवर नीट ठेवून दिला. हे सगळं आमच्यासमोर. दर महिन्याला आम्ही तसाच एक नवा अर्ज करतो. त्या अर्जांचं पुढे काय झालं, हे आजवर कुणीही अप्पांना विचारलेलं नाही.